शिआनला आम्ही चौघं

६ जुलै

ठरलं! दिवाळीच्या सुट्टीत शिआन. चीनमधलं शिआन! लिहिताना माझं मलाच हसू येतंय. मुंबईला जायचं म्हटलं तरी मी सोबत शोधते.

दुपारी उझैरचा जहाजावरून फोन आला. त्याने विचारलं नाही, सांगितलंच. सप्टेंबरात ब्राझीलला त्याच्या जागी दुसरा माणूस चढणार, तो उतरून घरी येणार, आणि ऑक्टोबरात आम्ही पाचही जण निघायचं — तो, मी, दोन मुलं, अम्मी.

लग्नाआधीपासून तो बोटीवर आहे. चीनच्या बंदरांत कितीदा गेला असेल. पण त्याचा चीन म्हणजे लोखंडाच्या मातीची लाल धूळ आणि क्रेन. माल उतरला की निघायचं, गेटबाहेर जायला वेळच नसतो. एकदा बंदरातल्या एका चिनी कारकुनाने त्याला आपल्या गावाचा फोटो दाखवला होता. गावाभोवती तट, आणि तट एवढा रुंद की वर माणसं सायकली चालवतायत! तेव्हापासून हे शहर त्याच्या डोक्यात बसलंय.

"लोक म्हणतात, जग फिरला," तो म्हणाला. "एकदा तुमच्याबरोबर काहीतरी बघू दे मला."

नाही कसं म्हणणार?

८ जुलै

मुलांना सांगितलं. मिस्बाहने आधी नकाशा उघडला, मग प्रश्न सुरू. विमान कुठे बदलायचं, थंडी किती, तिथली मुलं सातवीत काय शिकतात. हातिमला एकच गोष्ट कळली — मातीचे सैनिक. शेतकरी विहीर खणत होते आणि खालून एका बादशहाची अख्खी फौज निघाली, हे ऐकल्यापासून तो मागच्या वाडीत सुपारीखाली खड्डा खणतोय. अम्मींनी दोनदा ओढून आणला. सात वर्षांच्या पोराला एवढा जोर कुठून येतो!

अम्मी (म्हणजे सासूबाई, पण मी लग्नापासून अम्मीच म्हणते) ऐकून चुलीकडे वळल्या. नंतर भाकऱ्या थापताना हळूच म्हणाल्या, "तिथं आपल्याला खाता यील असं काय हाय?"

बघते म्हटलं.

१३ जुलै

अम्मींचं उत्तर सापडलं. शिआनच्या ऐन मध्यावर जुना मुसलमान मोहल्ला आहे. मटणाचा रस्सा, तंदूरसारखी रोटी, सगळं हलाल. आणि मशीद हजार वर्षांहून जुनी म्हणतात. तिला घुमट नाही, लाकडी, कौलारू — बघितली तर वाटेल एखादा चिनी राजवाडा. शेकडो वर्षांपूर्वी अरब-इराणकडचे व्यापारी रेशमाच्या वाटेने तिथे गेले, तिथल्याच मुलींशी लग्नं केली, तिथलेच झाले.

अम्मींना फोटो दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मंजे आपल्यासारकेच. ते वाटेनं गेले, आपले दर्यावरून आले."

मी शाळेत इतिहास पाठ केला, पण हे असं एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

२७ जुलै

माणगावला सुचिताकडे जाऊन आले. शाळेत एका बाकावर बसायचो, आता तिचं प्रवासाचं ऑफिस आहे. एका भिंतीवर बोधगया, दुसरीवर मक्का. शिआन म्हटल्यावर खूश झाली. तिच्या घरच्यांना तिथला तो मोठा पॅगोडा माहीत आहे — भारतात येऊन पोथ्या घेऊन गेलेल्या चिनी भिक्खूंसाठी बांधलेला. म्हणाली, माझ्या वाटचंही बघून ये.

हाँगकाँगला विमान बदलायचं. तिकिटं चौघांची आता, उझैरचं तो उतरल्यावर. व्हिसाला त्याला स्वतः हजर राहावं लागेल.

१० ऑगस्ट

घरात चिनी शिकणं चाललंय! मिस्बाह फोनवर ऐकते आणि आम्हा सगळ्यांकडून म्हणवून घेते. निहाओ म्हणजे सलाम. शिए-शिए म्हणजे शुक्रिया. सूर चुकला तर अर्थ बदलतो म्हणे. माझा प्रत्येक सूर चुकतो.

अम्मींचा बरोबर येतो! मिस्बाह थक्क. अम्मी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण कान तयार आहे. मच्छीवालीचा आवाज कोपऱ्यावरून ऐकून आज काय आणलंय ते ओळखतात. आता सकाळी मला चहा दिला की त्या थांबतात — शिए-शिए म्हटल्याशिवाय जात नाहीत.

३१ ऑगस्ट

उझैर जमेल तेव्हा तयारी सांगत असतो. तिथे आपलं नेहमीचं मेसेजचं ॲप चालेलच असं नाही, तिथलं टाकून घे. पैसे फोनने देतात, कार्ड जोडून ठेव. पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. समुद्राच्या मधून बोलतो, आवाज तुटत असतो, पण काय विसरेल तर शपथ. एवढ्या लांबून घर कसं सांभाळतो हा माणूस, याचं मला नेहमी नवल वाटतं.

७ सप्टेंबर

तो येत नाहीये.

८ सप्टेंबर

काल लिहवलं नाही. त्याच्या जागी येणाऱ्या माणसाला ब्राझीलचा व्हिसाच मिळाला नाही. जहाज थांबत नाही. माल भरून उझैरसकट निघालंसुद्धा. कुठे? चीनला! चिंगदाओ बंदर. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन आमच्या तारखांना, तो चीनच्या दारात असणार आणि आत येऊ शकणार नाही. व्हिसा नाही, सुट्टी नाही. बदली आता परतीच्या वाटेवर सिंगापूरला.

फोनवर तो चिडला नाही. तेच मला सहन झालं नाही.

१० सप्टेंबर

सुचिताला फोन करून सांगितलं, रद्द कर. ती म्हणाली, दोन दिवस थांबते.

मिस्बाहने नकाशे घडी करून ठेवले, रडली नाही, जेवलीही नाही. हातिमने वाडीतला खड्डा स्वतःच बुजवला.

१२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

अम्मी दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, तिकिटं मोडलीस काय? मी म्हटलं, अजून नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत कधी सांगितली नव्हती.

अब्बा — बदरुद्दीन, माझे सासरे, मी त्यांना पाहिलेलंही नाही — तेही बोटीवरच होते. एकदा त्यांचं जहाज कोचीनला लागलं, आठवडाभर थांबणार होतं. त्यांनी तार केली, ये. अम्मींनी पेटी भरली. नवी साडी, सुकटाची चटणी, घावन्यांचं पीठ. पण सोबत जाण्याजोगा पुरुष घरात नव्हता. अम्मींचे म्हातारे सासरे म्हणाले, बाईमाणूस एकटी एवढ्या लांब? नाही गेल्या. अब्बा रोज बंदराच्या फाटकापर्यंत येऊन बघत होते, हे त्यांना नंतर दुसऱ्या खलाशाकडून कळलं.

सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कुणा दुसरीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या,

"माजी पेटी भरलेली तशीच ऱ्हायली, अफरीन. तुजी न्हाय ऱ्हायची. आपुन जायचं."

मी म्हटलं, अम्मी, मला जमणार नाही. मी कधी एकटी गेले नाही.

"एकटी कुटं? मी हाय ना."

१३ सप्टेंबर

उझैरला सांगितलं. म्हणाला, "हाँगकाँगला विमान बदलताना बाणाच्या पाट्या बघत जा. माणसांच्या मागे जाऊ नकोस."

एवढंच. म्हणजे जा.

१७ सप्टेंबर

कुवेतहून भाईजानचा फोन — उझैरचे मोठे भाऊ. बाईने, म्हातारीने, लहान पोरांनी चीनला जायचं हे त्यांना पटत नाही. काही झालं तर जबाबदार कोण? ते काही वाईट सांगत नव्हते. माझ्याच मनातलं बोलत होते.

अम्मींनी फोन मागून घेतला. शांतपणे म्हणाल्या, तू तान्हा होतास, ताप उतरत नव्हता, तुला घेऊन एस्टीनं एकटी मुंबईच्या इस्पितळात गेलेली. तवा कोण होतं सोबत? मग अम्मींनी त्यांची, सुनेची, नातवंडांची खुशाली विचारली आणि फोन मला परत दिला.

माझ्या घरात एवढी वर्षं कोण राहतंय, मला ठाऊकच नव्हतं.

२९ सप्टेंबर

व्हिसे आले! चारही.

१२ ऑक्टोबर

स्वेटर मिळाले. हातिमचे बूट नाही मिळाले, श्रीवर्धनला बघेन. मिस्बाहने दिवसांचा बेत केलाय, त्यात दादीसाठी रोज दुपारी विश्रांती ठेवलीय. मी सांगितलं नव्हतं. बारा वर्षांची आहे.

१९ ऑक्टोबर

उद्या निघायचं. नको म्हणावंसं वाटतंय. कुणाला सांगत नाही.

२१ ऑक्टोबर, शिआन

पोचलो! शुक्र आहे.

हाँगकाँगला एकदा चुकले. माणसांच्या मागे गेले! मिस्बाहने हाताला धरून परत आणलं, बाणाची पाटी दाखवली.

शहर कसं आहे ते आज लिहिता येणार नाही. एवढंच — मी जुनं, काळपट, पडकं काहीतरी मनात धरून आले होते. इथले रस्ते रुंद, झाडांच्या रांगा, जमिनीखालून आगगाडी, आणि या सगळ्याच्या मधोमध तो तट! करडा, उंच, सरळ. त्यातल्या कमानींतून गाड्या ये-जा करतात. जुनं पाडून नवं केलं नाही, नव्याला जुन्यातून वाट दिली. टॅक्सीत सगळे काचेला चिकटून होतो. अम्मीसुद्धा.

२२ ऑक्टोबर

मातीची फौज पाहिली.

केवढं मोठं छप्पर, आणि खाली खंदकात ओळीच्या ओळी. सगळे आपल्याकडे तोंड करून उभे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाचा ओठ जरा दुमडलेला, एकाचे गाल बसलेले, एक तर थेट आमच्या एस्टी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखा. कुणीतरी बसून एकेक नाक घडवलं, आणि मग सगळं मातीखाली गाडलं. कुणी बघावं म्हणून केलंच नव्हतं! मला हे राहून राहून वाटतंय.

हातिमला मात्र उभे सैनिक नाही, मागचे मोडके आवडले. तिथे तुकडे जुळवायचं काम चालतं. कुणाला हात नाही, कुणाला डोकं नाही, अंगाला चिठ्ठ्या लावलेल्या. तो म्हणाला, हे त्यांचं हॉस्पिटल आहे. तासभर तिथून हलला नाही. सकाळपासून सुरू असलेले प्रश्न बंद झाले. पोराला असं शांत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

अम्मी कठड्याला धरून म्हणाल्या, "एवड्या पोरांच्या आया कुटं गेल्या आसतील?"

२३ ऑक्टोबर

आज अम्मी हरवल्या.

मोहल्ल्यात गेलो होतो. गल्ली अरुंद, गर्दी ही एवढी, दोन्हीकडे दुकानं — डाळिंबाचा रस, तळलेले गोड पेढ्यांसारखे केशरी गोळे, निखाऱ्यांवर मटण, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं. हातिमचा हात माझ्या हातात, मिस्बाह पुढे. मागे वळले तर अम्मी नाहीत. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये!

जबाबदार कोण — भाईजानचा आवाज कानात. मी नुसती हाका मारत राहिले. मिस्बाहने माझ्या हातातून फोन घेतला, दादीचा सकाळचा फोटो शोधून काढला, पोलिसाकडे गेली, मोबाइलमध्ये मराठीत बोलली आणि त्याला चिनीत ऐकवलं. तो फोटो घेऊन गल्लीत शिरला. दुकानादुकानांतून माणसं पुढच्या बाजूला बोट दाखवू लागली. पुढे, अजून पुढे.

मशिदीच्या वळणावर एक छोटं खाणावळीसारखं दुकान. आत अम्मी बसलेल्या! समोर पांढरा रुमाल बांधलेली त्यांच्याच वयाची एक बाई, दोघींच्या पुढ्यात वाडगे, दोघीजणी रोटी तोडतायत. अम्मी दमल्या, उंबऱ्याशी थांबल्या, बाई दिसली म्हणून सलाम केला. त्या बाईने उत्तर दिलं — वालेकुम सलाम. आणि हाताला धरून आत बसवलं. त्यापुढे एकीचा एक शब्द दुसरीला कळत नव्हता, पण दोघींचं अखंड चालू होतं. अम्मी आपल्या बोलीत, ती तिच्या.

मी रडायलाच लागले. अम्मी म्हणाल्या, "मी न्हाय हरवले. मी हितंच हाय. तू हरवलीस."

पोलीस हसत निघून गेला. त्या बाईने आम्हालाही बसवलं, वाडगे दिले. रोटीचे बारीक तुकडे करायचे, मग त्यावर मटणाचा गरम रस्सा ओततात. माझे तुकडे मोठे झाले तर तिने वाडगा परत माझ्याकडे सरकवला — अजून बारीक! अम्मींचे बघून मात्र मान डोलावली. पैसे घ्यायला तयार नव्हती. अम्मींनी तिला आपल्या पिशवीतलं सुपारीचं खांड दिलं. ती ते नाकाशी धरून वास घेत राहिली.

मग मशीद. मोठमोठी अंगणं, एकामागून एक, जुनी झाडं, लाकडी कमानी, पाखरं. अजान होते त्या जागेवर मनोरा नाही, कौलांचा अष्टकोनी मंडप. अम्मींनी अंगणाच्या कडेला नमाज पढली. उठल्यावर म्हणाल्या, किबल्याची दिशा तीच आपली, पश्चिम. बोलता बोलता माझा हात धरला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोडला नाही. माझ्यासाठी धरला होता, मला कळत होतं.

२४ ऑक्टोबर

सकाळी पॅगोडा. सुचितासाठी खूप फोटो काढले. विटांचा, साधा, भारदस्त. आपल्याकडे एवढ्या लांब पायी येऊन माणसं पोथ्या घेऊन परत गेली, आणि त्या जपायला हे उभारलं. मिस्बाह म्हणाली, आमच्या पुस्तकात याच्यावर चारच ओळी आहेत.

दुपारी तट!

दक्षिण दरवाजाने चढलो. अम्मी आणि हातिम बॅटरीच्या गाडीत, मी आणि मिस्बाह जोडसायकलवर. मी सायकल सोडून किती वर्षं झाली! मिस्बाह मागून ओरडत होती, ब्रेक नको, ब्रेक नको. एका बाजूला कौलारू जुनं शहर, दुसरीकडे काचेच्या इमारती, मध्ये आम्ही. वाऱ्याने ओढणी उडत होती. कुणी ओळखीचं नाही, कुणी विचारणारं नाही. मला फार बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

पुढच्या बुरुजाशी सगळे भेटलो आणि उझैरला फोन लावला. लागला! चिंगदाओच्या बाहेर नांगर टाकून आहेत, धक्क्याची वाट बघतायत. मागे राखाडी समुद्र दिसत होता. त्याचं घड्याळ आणि माझं घड्याळ आज एकच. लग्नानंतर असं किती थोडे दिवस झालंय — त्याची दुपार ती माझी दुपार. एक देश, एक वेळ, आणि भेट नाही.

मी फोन फिरवून त्याला सगळं दाखवलं. बुरूज, खंदक, लाल कंदील, सायकली. त्याने विचारलं, रुंद आहे ना? मी म्हटलं, तू सांगितलं होतंस त्याहून. मग मुलांना बोलायचं होतं म्हणून फोन मिस्बाहकडे दिला आणि अम्मींबरोबर कठड्याशी जाऊन उभी राहिले. ऊन उतरत होतं.

२५ ऑक्टोबर

आज बेत नाही. मुलं झोपलीत. अम्मी त्या बाईला भेटायला गेल्या — एकट्या! येतीलच.

२९ ऑक्टोबर, म्हसळा

घरी. अंगणात शेजारी जमले होते. सगळ्यांना अम्मी सांगतायत, मी नुसती चहा देतेय. भाईजानचा कुवेतहून फोन आला. म्हणाले, पुढच्या वर्षी आम्हालाही न्या. मला म्हणाले, मला!

१६ नोव्हेंबर

उझैर आला. वाळलाय. हातिमने त्याला दारातच मातीचा सैनिक दिला आणि याचं डोकं काढता येतं म्हणून सांगितलं.

२३ नोव्हेंबर

कंपनीचा फोन होता, जानेवारीत चढायचं. उझैर नाही म्हणाला. न्हावा शेव्याला बंदरात काम बघतोय. तेच काम, ज्याला तो इतकी वर्षं नाही म्हणत आला.

मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तटावर तू फोन मिस्बाहकडे दिलास ना, तेव्हा हातिम धावताना पडला. गुडघा फुटला. मी इकडून हाका मारत होतो. त्याने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. तुझ्याकडे धावला. त्याच दिवशी कॅप्टनला सांगून टाकलं, आता परत चढणार नाही."

हातिम रोजच कुठेतरी पडतो. त्या दिवशी पडल्याचं मला आठवतही नाही.